हरवलेलं पेण

आता माझी फजिती मीच सांगून टाकते. नाहीतर रोह्याहून कुणीतरी येऊन तुम्हाला तिखटमीठ लावून सांगणारच आहे. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मी पेणची. माहेर पेण, सासर पेण, पापडाचं दुकानही पेणमध्येच. नणंद सुनीता तेवढी रोह्याला, म्हणजे पुलापलीकडे अष्टमीत दिलेली. तिकडे बायकांचा एक लेखन गट आहे. दर महिन्याला एक विषय देतात, प्रत्येकीने त्यावर पानभर लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. विषय मिळाला की डोकं चालायला लागतं म्हणे. आणि जिचं लिखाण सगळ्यांना आवडेल, ती नवरात्रात मंडळाच्या स्टेजवर वाचणार!

स्टेज! अहो, मला लहानपणापासून स्टेजची हौस. शाळेच्या नाटकात मिळालं काय, तर झाडाचं काम. फांद्या पसरून उभी राहिले आणि पडदा पडला. पापड लाटता लाटता मनातल्या मनात किती भाषणं ठोकली असतील, त्याची गणतीच नाही. म्हणून सुनीताचा फोन आला, तेव्हा मी लाटणं तसंच टाकून उठले.

"वैनी, येतेस काय गो आमच्या गटात? मी सांगून ठेवलंय, माझी वैनी लई भारी लिवते. माझं नाक कापू नको हां!"

"अगं, पण विषय काय?"

"माझं हरवलेलं पेन."

आता इथे जरा थांबा. आमच्या भागात बोलताना 'ण'ला कुणी फारसं विचारत नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी. आणि पेण म्हणजे पेन! रोह्याचा माणूस एसटीत बसून "एक पेन द्या" म्हणतो आणि कंडक्टर बरोब्बर पेणचं तिकीट फाडतो. मग मी काय समजायचं, सांगा ना? खिशाला लावायचं पेन माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

माझं हरवलेलं पेण! काय विषय दिला होता हो! लिहायला बसले आणि डोळ्यांतून धाराच लागल्या. पापडाचं पीठ तिकडे वाळून गेलं. हे दुकानातून आत आले.

"काय गो, काय झालं?"

"पेण हरवलं हो!"

"अगं, आपण पेणमध्येच बसलोय."

जाऊ द्या. यांना साहित्य कळत नाही.

रविवारी अष्टमीला गेले. गटाच्या प्रमुख नलूबाई, निवृत्त शिक्षिका. त्याही पक्क्या रोह्याच्या, म्हणजे 'ण'च्या नावाने बोंबच. वाचनाआधी चहा चालला होता आणि बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"माझं तर सारखं गळायचं बाई," एक म्हणाली.

मला वाटलं, हिचंही माहेर पेणचं दिसतंय. कौलं गळत असणार.

"मी माझं एसटीत इसरले," दुसरी म्हणाली.

एसटीत बसून गाव विसरली! किती खोल बोलतात या बायका!

"मी काय रडत नाय बसले. दुसऱ्या दिवशी नवीन घेतलं," तिसरी म्हणाली.

म्हणजे नवीन घर घेतलं असणार. पेणला इमारती काय कमी झाल्यात? मी कौतुकाने विचारलं, "लिफ्ट आहे का हो?"

ती खुर्ची जरा लांब सरकवून बसली.

पाहुणी म्हणून पहिला नंबर माझा. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "माझं पेण किती लहान होतं! या टोकाला फोडणी पडली की त्या टोकाला शिंक यायची. पण एवढ्याशा पेणमध्ये किती माणसं मावायची! श्रावणात माझ्या पेणमध्ये जिकडे बघावं तिकडे गणपती वाळत असायचे..."

"पेनात गनपती?" मागे कुजबुज झाली.

नलूबाईंनी डोळे मिटून हात वर केला. "रूपक आहे. ऐका."

झालं! रूपक म्हटल्यावर कुणाची शंका काढायची छाती आहे? सगळ्या माना डोलवायला लागल्या. मला वाटलं, काय गुणी बायका आहेत! मी आणखी चढले.

"मग त्याला कुणाची दृष्ट लागली? रात्रंदिवस ट्रक जायला लागले माझ्या पेणवरून!"

"अगो बाय, चुराच झाला असंल," कोपऱ्यातली हळहळली.

"आज मी पेणमध्येच राहते, पण मला माझं पेण सापडत नाही!"

नलूबाईंनी पदराने डोळे पुसले. स्टेजसाठी माझंच नाव पक्कं! सुनीताचं नाक तर वीतभर वर गेलं.

मग दुसऱ्या बाई उठल्या. "माझं हरवलेलं पेन. निळ्या रंगाचं, सोनेरी टोपणाचं. शाई भरताना बोटं रंगायची..."

माझ्या घशात बिस्किटच अडकलं. टोपण? शाई? अरे देवा!

"तुम्हाला हे कसं सुचलं हो?" नलूबाई मला विचारत होत्या. "पेनच्या पोटात अख्खं गाव!"

तेव्हाच सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण स्टेज दिसत होतं हो समोर! मी म्हटलं, "सुचत गेलं हळूहळू."

नवरात्र आलं. नवी साडी, समोर माणसंच माणसं, हातात माइक. वाचलं, आणि काय टाळ्या पडल्या! खरं सांगते, इतकं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पण मन खायला लागलं. एवढी भाबडी माणसं, आणि आपण त्यांना फसवायचं? मी माइक घट्ट धरला.

"मंडळी, एक सांगायचं राहिलं. हे पेन नाहीच! हे पेण आहे!"

नलूबाईंनी माइक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "ऐकलंत? पेन नाहीच, पेन आहे! नाही म्हणता म्हणता आहे! केवढा मोठा विचार!"

पुन्हा टाळ्या! मी बिनमाइकची ओरडतेय, "अहो, ण! ण! बाणातला ण!"

"बानातला!" अख्खा मांडव ओरडला. कुणीतरी शिट्टीपण मारली.

हरले मी. स्टेजवरून उतरले, तर पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. पिशवीत हात घालून तिने एक पेन काढलं, माझ्या मुठीत कोंबलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"घे गो बाय, रडू नको. पन ह्याच्यात तरी येवढी मानसं भरू नको हां. पयलं तशानंच फुटलं असंल."