शेंदराखालचा क्रूस

“पायताण काढा डाक्टर, देऊळ हाय.”

समोर देऊळ नव्हतंच. होतं भाताचं खाचर, आणि मधोमध गवत माजलेला एक न नांगरलेला तुकडा. मी जनावरांचा डॉक्टर, हे सांगणाऱ्या आबांच्या म्हशीला टोचायला आलेलो, पायात गमबूट. चिखलात उभं राहून गमबूट काढणं काय दिव्य असतं, ते ज्याने काढलेत त्यालाच ठाऊक. निमूट काढले.

पोशीरच्या पुढच्या त्या गावात या तुकड्याला पाद्र्याचं देऊळ म्हणत. कधीकाळी तिथे किरिस्तावांचं छोटंसं प्रार्थनाघर होतं. कुणी बांधलं, तिथे गुडघे टेकणारी माणसं कुठे गेली, कुणालाच पत्ता नाही. जोत्याचे दगड गावातल्या विहिरीला नि गोठ्यांना गेले. उरला एकच, क्रूस कोरलेला. आबांच्या घराण्यात ती जागा नांगरत नसत. झोडणी झाली की नव्या भाताची पहिली मूठ त्या दगडापाशी ठेवत.

“आबा, तुमचा देव नाही तो. मग मूठ कशाला?” मी चिडवायचो.

“आमचा नाय म्हनून तर. त्याची मानसं इथं नायत, मंग त्याला बघनार कोन?”

पुढे आजूबाजूच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या आणि रस्ता नेमका त्या तुकड्यावरून आखला. आबांनी सगळ्यांना विनवलं, कुणी ऐकेना. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दगडाला तेल-शेंदूर फासला, झेंडूची माळ घातली. ड्रायव्हरने आल्या आल्या मशीन बंद केलं आणि स्वतःच नारळ फोडला. रस्ता बाजूने गेला. आबा कितीतरी दिवस मिशीत हसत होते. मीही म्हटलं, अक्कल आहे हो माणसाला!

पण दर शनिवारी शेंदराचा नवा थर चढू लागला. वर पत्रा आला, घंटा आली, भंडारा सुरू झाला. क्रूस पार बुजला, आणि आबा त्या बाजूला जाईनासे झाले.

एकदा वसईकडच्या एक वयस्कर बाई रिक्षा करून आल्या. आपली माणसं मूळची इकडची, इथे आपलं देऊळ होतं, असं वडील त्यांना सांगत. मी गोठ्यातच होतो. आबा लगबगीने आम्हा दोघांना तिथे घेऊन गेले.

“ह्येच, बाय. तुमचंच.”

बाईंनी शेंदूर पाहिला, घंटा पाहिली. “बाबा, हे तर तुमचं आहे.”

“नाय गं बाय, खाली हाय. दावतो.” आबा नखाने शेंदूर खरवडू लागले. तिथेच बसलेल्या पुतण्याने त्यांचं मनगट धरलं.

“आबा, देवाला नख लावू नका. गाव काय म्हनंल?”

“राहू द्या बाबा,” बाई हळूच म्हणाल्या, हात जोडले आणि रिक्षात बसल्या. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत आबा उभे होते.

“वाचवाया गेलो डाक्टर,” ते म्हणाले, “नि मीच गाडलं.” आणि माझ्यासमोर म्हातारा रडला.

गेल्या वर्षी आबा गेले. परवा भंडाऱ्याला गेलो तेव्हा राहवेना. पंगतीत मोठ्याने सांगितलं, या शेंदराखाली क्रूस आहे. सगळे पुतण्याकडे बघू लागले. लहानपणी आबांबरोबर त्यानेच तिथे भाताची मूठ ठेवलेली मी पाहिली होती.

“काय तरीच डाक्टर,” तो म्हणाला, “आमच्या आज्यापासून आमचाच देव हाय ह्यो.” आणि त्याने माझ्या पानात बुंदी वाढली.