चार इंच उंच ओटा

गुढीपाडवा, १९८१: स्वयंपाकघरातील ओट्याची उंची लेखी ठरली. जबाबदार: इमारत बांधणारे मालक आणि मी.
गुरुपौर्णिमा: ओटा ठरल्यापेक्षा चार इंच बुटका बांधला गेला. जबाबदार: गवंडी आणि माझी पत्नी.
नागपंचमी: त्याविरुद्ध रजिस्टर्ड पत्र रवाना. जबाबदार: मी एकटा.
राखीपौर्णिमा: ओटा पाडून पुन्हा बांधला. जबाबदार: मालक. मला बोलायचे आहे ते याच नोंदीविषयी.

मी तेव्हा कोर्टात कारकून होतो. द्वारका चौकापासून सायकलने दहा मिनिटांवर, जिथे तोवर द्राक्षांचे मळे होते, तिथे एक तीन मजली इमारत उभी राहत होती. तिच्यातील पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या होणार होत्या. पत्नीने नऊ वर्षे भाड्याच्या खोलीत, जमिनीवर बसून, स्टोव्हला पंप मारत स्वयंपाक केला होता. नव्या घराकडे तिने एकच गोष्ट मागितली होती: उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा.

ठरलेल्या किमतीत शहाबादी फरशी आणि ओट्याला कडाप्पा एवढेच मिळे. त्यापुढचे सारे ‘जादा काम’. मालकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी तीन रविवार घासाघीस केली.

“मोझॅक हवी, पांढऱ्या टाइल्स हव्यात, माळा हवा,” मालक यादी वाचत म्हणाले. “साहेब, राजवाडा बांधतोय का आपण? सिमेंट परमिटवर मिळतंय.”

“माळा सोडतो. मोझॅक त्याच भावात द्या.”

“आणि टाइल्स?”

“ओट्यामागे दोनच ओळी.”

“तुम्ही कारकून कसले! वकीलच व्हायचं होतंत.”

त्या स्तुतीने मी फुगलो. त्याच भरात करारात एक कलम घालून घेतले: माझ्या लेखी संमतीवाचून नकाशात तसूभरही फरक होणार नाही.

त्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आठवल्या की राग काही वेळ बाजूला राहतो. कोर्टातून मी परस्पर तिथे पोहोचे. ती डबा घेऊन येई. कठडा नसलेल्या जिन्यावरून एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ती वर चढे. ओल्या सिमेंटचा वास सगळीकडे भरलेला असे. विटेचा तुकडा घेऊन ती गिलावा न झालेल्या भिंतीवर रेघा मारी: इथे देव, इथे डबे, इथे तुमच्या फायली. दारे नसलेल्या त्या घरात आम्ही विटांवर बसून भाकरी खाल्ली. पुढे दारे लागली, पडदे लागले. पण इतके प्रशस्त ते घर मला पुन्हा कधी वाटले नाही.

एका दुपारी ती एकटीच गेली होती. सिन्नरकडचे एक वयस्क गवंडी ओट्याच्या विटा रचत होते. तिची ठेंगणी उंची त्यांनी एकवार न्याहाळली.

“वहिनी, कोपर वाकवा बरं,” म्हणाले, आणि तिच्या कोपराच्या अंदाजाने भिंतीवर खूण केली. “पोळ्या लाटून खांदे भरायचे नाय आता.”

“जादा किती द्यायचे?”

“जादा कसलं? इटा तर कमीच लागत्यात.”

यात मला सांगण्यासारखे काही आहे, असे तिला वाटलेच नाही.

नागपंचमीसाठी ती लासलगावला माहेरी गेली आणि मी मोजपट्टी घेऊन घर तपासायला गेलो. चार इंच कमी! विटा वाचवल्या, असा माझा निष्कर्ष. त्याच दिवशी कलमाचा हवाला देऊन पत्र धाडले. भावाला राखी बांधून ती परतली, तोवर ओटा नकाशाप्रमाणे झाला होता. मी विजयाने तिला दाखवला. तिने कडेवर कोपर टेकवून पाहिले. खांदा वर उचलला गेला.

“चांगला झालाय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “एक पाट लागेल.”

दसऱ्याला वास्तुशांत झाली. पंगतीत गवंडीबाबांनी तिला विचारले, “वहिनी, तुमच्या मापाचा ओटा का पाडायला लावला? मी मालकांना म्हणलो व्हतो, हे वहिनींचं माप हाय. ते म्हणले, साहेबांचं पत्र हाय, पाड.”

वाढता वाढता तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या पानावर जिलबी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. “पुन्हा पाडू की,” मालक हसले. “जादा काम. लेखी अर्ज द्या, आधीचं पत्र चुकीचं होतं म्हणून.” तो अर्ज मी लिहिला. आजही तो माझ्या फायलीत आहे, सहीवाचून. ती मात्र गुडघे थकेपर्यंत पाटावर उभी राहून स्वयंपाक करत राहिली.

परवा आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात तेच मालक, आता वृद्ध, व्यासपीठावरून म्हणाले, “आम्ही प्रत्येक घर माणसाच्या मापानं बांधलं.” टाळ्या पडल्या. मी उठू लागलो, तशी पत्नीने माझी बाही धरली. “अहो, जाऊ द्या आता.”

मी जाऊ देणार नाही. त्या अर्जावर सही का केली नाही, याचे माझ्याकडून उत्तर एवढेच: मला चूक कबूल करायची नव्हती. हे मी येथे सहीनिशी लिहून देत आहे. आता मालकांनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमोर आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नीसमोर उत्तर द्यावे: ते माप कोणाचे आहे हे ठाऊक असताना, पहिली वीट काढण्यापूर्वी आपण मला एका शब्दाने का विचारले नाही?