बिनबारशाची नात

केराबाईचं नाव कुणी हौसेनं ठेवलेलं नाही. तिच्याआधीची चार लेकरं मातीआड गेली, तेव्हा सुईणीनं ही पाचवी पोर उकिरड्यावर नेऊन केरात लोळवली आणि सुपात घालून परत घरात आणली. टाकून दिलेल्या जिनसाकडं यम कशाला बघतोय! पोर जगली. धोंडिबा, दगडू, भिकू ही त्याच माळेतली नावं. मूठभर कोंड्यावर विकत घेतल्याचं सोंग केलं, की ती कोंडाबाई. फसवायचं मरणाला आणि भोगायचं लेकरानं, असा हा सगळा न्याय.

दौलताबादच्या शाळेत पोरं तिच्या अंगावर कचरा टाकायची. आठ दिवसांत तिनं शाळा सोडली, अक्षर ओळखीचं झालंच नाही. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमित्रा' लिहिलं, तेव्हा बाई हरखून गेली. पण नवरा नऊ वर्षांत गेला आणि लोकांनी तिला पुन्हा केरा करून टाकलं.

पोटासाठी ती उस्मानपुऱ्यात बाळंतिणींची मालिश करते, बाळांना न्हाऊ घालते. हात असा मऊ, की रडतं लेकरू पाण्यातच झोपी जावं. प्रत्येक घरी तिचा एकच प्रश्न, "नाव काय ठिवलं? म्हंजी काय वं?" केयूर म्हणजे दंडावरचा दागिना. मनस्विनी म्हणजे मानी बाई. तबस्सुमच्या घरी हैदर जन्मला, हैदर म्हणजे सिंह. तबस्सुम म्हणजे हसू, हे कळल्यावर केराबाई त्या ओल्या बाळंतिणीला म्हणाली, "मंग रडतीस कामून, बये? नावाला तरी जाग!" असे अर्थ तिनं शेकड्यानं पाठ केले होते.

तिचा एकुलता एक लेक साहेबराव चितेगावच्या कंपनीत कंत्राटावर आहे. त्याची बायको देवकन्या. त्यांना पहिला मुलगा झाला. केराबाईनं गल्ली जेवू घालून बारसं केलं, नाव अमेय, ज्याचं माप घेता येत नाही तो. तो दोन महिन्यांत गेला. मग स्वराली झाली, ती अठरा दिवसांची पाहुणी. तिसऱ्या खेपेला पुन्हा मुलगी झाली.

शेजारची आवडाबाई म्हणाली, "धोंडी ठिव. लई गोड नाव नको आता."

"माझ्या नातीला तसलं नाव? जलमभर मी भोगलंय ते!" केराबाई तिच्यावर उसळली.

मग तिनं आपल्याच डोक्यानं तोड काढली. वर्षभर नावच ठेवायचं नाही. बारसं नाही, पाळणा नाही. "हाक मारायला नावच नाय, तर त्यो नेईल कुणाला?" आणि कुठल्या वहीतही लेकराची नोंद करायची नाही, कारण लिहिलेलं कुणीतरी वाचतंच. देवकन्या दोनदा म्हणाली, "आत्या, असं बिननावाचं नका ठिवू." साहेबरावानं मान खाली घातली. आईपुढं त्याची कधी जीभ उचललीच नाही.

नवव्या महिन्यात लस द्यायची यादी घेऊन आशाताई दारात आली. देवकन्या लेकराला घेऊन उठलीच होती. केराबाईनं दारात आडवं होऊन सांगितलं, "लेकरू हितं नाय. माहेरी ठिवलंय." काय म्हणावं या बाईला! त्याच आठवड्यात तबस्सुमला तिनं दटावलं होतं, "गोवराची सुई चुकवू नगंस हां." दुसऱ्याच्या लेकराला सुई आणि आपल्या नातीला लपाछपी!

अकराव्या महिन्यात पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. "देवी आली, जाईल आपसूक," म्हणत केराबाईनं तीन दिवस कडुनिंबाचा पाला उशाला ठेवला. चौथ्या दिवशी पोरीची बरगडी श्वासागणिक आत जायला लागली, तेव्हा कुठं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "गोवराची लस दिली होती का?" साहेबरावानं आईकडं पाहिलं, अन् तिनं पदर तोंडात कोंबला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

नर्सबाई कागद घेऊन आली. "बाळाचं नाव?"

"नाव नाय ठिवलं, बाई," केराबाई म्हणाली.

"हाय." देवकन्यानं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "रोज पाजताना कानात सांगत व्हते मी."

"काय ठिवलंस गं? म्हंजी काय त्याचं?"

"तुमाला नाय सांगायची."

ती उठली, नर्सबाईच्या कानाशी वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. नर्सबाईनं लिहिलं. केराबाईनं कागद ओढून घेतला, उलटासुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. अक्षरं तशीच राहिली. तिनं साहेबरावापुढं कागद धरला. त्यानं वाचला, त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो भिंतीकडं वळला.

केराबाई फरशीवर बसली आणि तिनं सुनेचे पाय धरले. "एकदाच सांग गं माय. लेकराचं नाव घेतल्याबिगर मी रडू कशी?"

देवकन्यानं तिच्या हातातला कागद काढून घेतला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि पोरीला उचलायला आत गेली.