सदतीस नंबरची प्रत

आमच्या घरात पाठकोरा कागद कधी वाया गेला नाही. बाबा नागपूरहून बदली होऊन दिल्लीत आलेले सरकारी कारकून. एका बाजूला छापलेले रद्दी कागद ते घरी आणायचे आणि दाभणाने शिवून त्यांच्या वह्या करायचे. माझं सगळं बीजगणित जुन्या परिपत्रकांच्या पाठीवर झालं. विहारातल्या रविवारच्या वर्गालाही वह्या आमच्याच घरून जात. त्यामुळे त्या दुपारी मी जे केलं, त्याचा निम्मा दोष मी बिनधास्त बाबांवर ढकलते.

दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि मी तिच्या कागदपत्र-कक्षात होते. ठरावाचा मसुदा छापून आला की प्रत्येक देशाच्या खणात एक प्रत टाकायची, मसुदा बदलला की जुनी परत घ्यायची, नवी द्यायची. मोठमोठी माणसं एकेका शब्दावरून तासभर भांडत, म्हणजे मसुदा दिवसातून चारदा बदले. तिसऱ्या दिवसापासून मी फरीदाबादहून मेट्रोत चढतानाच कॅनव्हासचे बूट घालायला लागले.

कक्षाच्या प्रमुख मॅडम मराठीच, पण तीन पिढ्या दिल्लीत. महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हे त्या रोज एकदा तरी ऐकवायच्याच.

त्या दिवशी मसुद्यातलं एक कलम मोठ्या मिनतवारीने वगळलं गेलं. ते कलम असलेल्या एकपानी साठ प्रती आम्ही जेवणाच्या सुट्टीत परत गोळा केल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल नंबर होता. पाचच्या आत सगळ्या श्रेडरमध्ये घालायच्या आणि ‘साठही नष्ट केल्या’ अशी मॅडमनी सही करायची. एक जरी बाहेर सापडली तरी कुणीतरी ते कलम पुन्हा उकरून काढणार, आणि निवृत्तीच्या तोंडावर मॅडमच्या मागे चौकशी लागणार.

तीन वाजता सभागृहातून निरोप आला, पहिल्या रांगेतले लिहायचे पॅड संपले. टेबलाखाली दोन खोकी होती. एकात छपाईत बिघडलेले कागद, दुसऱ्यात त्या साठ प्रती. मी घाईघाईत वाकले, पाठकोरा गठ्ठा हाताला लागला आणि पुढचं काम हातांनी आपणहून केलं. दहा-दहा पानं, कोरी बाजू वर, क्लिप लावली. सहा पॅड झाले. सहावा जरा बारीक झाला, पण सुबक. ते पहिल्या रांगेत मांडून मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन परत आले.

“अगं, साठ प्रतींचं खोकं रिकामं कसं?” मॅडमनी विचारलं.

मी दुसऱ्या खोक्याकडे बघितलं. बिघडलेले कागद जागच्या जागी होते. सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी मला हसू फुटलं.

“मॅडम, मी त्यांचे पॅड केले. पहिल्या रांगेत वाटलेसुद्धा.”

मॅडम खुर्चीत बसल्या. लगेच उठल्या. “चलो. प्रिंटरमधले कोरे कागद काढ, त्यांचे पॅड कर. आणि हसू नकोस यार, मलाही येतंय.”

पहिल्या रांगेतून आम्ही पंगतीत वाढावं तशा वाकत वाकत निघालो. “हा कागद जास्त चांगला आहे, सर,” असं गोड इंग्रजीत म्हणत मॅडम नवा पॅड ठेवत आणि मी जुना उचलत असे. पाच मिळाले. सहावाही मिळाला, पण त्याचं वरचं पान नव्हतं. त्यावर मुद्दे लिहून, ते घेऊन एका बेटावरच्या देशाचे म्हातारे राजदूत भाषणाला उभे राहिले होते. नजर अधू असल्याने त्यांनी कागद चष्म्यासमोर अगदी उभा धरला होता. वगळलेलं कलम अख्ख्या सभेकडे तोंड करून होतं.

मॅडमनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. सभा मात्र जेवून सुस्तावली होती, कुणाचं लक्ष गेलं नाही. ते खाली उतरताच मी त्यांना गाठलं आणि आमच्या संग्रहासाठी तो हस्तलिखित कागद मागितला. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी खाली झोकदार सही करून दिली. त्यांना फसवल्याचं मला अजून वाईट वाटतं.

कक्षात येऊन प्रती नंबरवार लावल्या. एकोणसाठ. सदतीस नंबरची प्रत नव्हती. पुन्हा मोजलं, सगळे खण उपसले, खोकी उलटी केली. पाचला दहा मिनिटं उरली. मॅडम मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत, तेव्हा मात्र माझं हसू पळालं आणि डोळे भरून आले.

“मॅडम, चूक माझी आहे, मी तसं लिहून देते.”

“सही माझी आहे ना,” त्या म्हणाल्या आणि मला रुमाल द्यायला त्यांनी पर्स उघडली.

रुमालाबरोबर घडी घातलेला एक कागद बाहेर पडला. मी तो उचलला. मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: मेथी, दही, खोबरं, नातवाला खोडरबर. पलीकडच्या बाजूला, कोपऱ्यात, लाल सदतीस.

मॅडमनी वाकून तो आकडा पुन्हा वाचला. “जेवणानंतर यादी करायची होती,” त्या हळूच म्हणाल्या. “खोक्यातला वरचाच घेतला. पाठकोरा होता गं.”

मग आम्ही दोघी टेबलाला धरून एवढ्या हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी बघून गेलं. पाचला तीन मिनिटं होती. डोळे पुसत मी तो कागद श्रेडरच्या तोंडाशी नेला.

“थांब!” मॅडम ओरडल्या. त्यांनी टेबलावरची चहाच्या ऑर्डरची चिठ्ठी उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर आधी सगळी यादी उतरवून घेतली.