पातळ तेल

गॅरेजवाल्याने नवा डबा उघडून इंजिन ऑइलचा एक थेंब माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या बोटावर ठेवला. अण्णांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अगं, हे तर पाण्यासारखं आहे. इंजिन घासून जाईल!"

अण्णांनी आयुष्यभर घाटात डिझेलची जीप चालवली, तीही दाट तेलावर. नजर अधू झाल्यावर जीपच्या जागी पेट्रोल आणि बॅटरीवर चालणारी हायब्रिड आली आणि किल्ली माझ्याकडे आली, पण गाडीला काय लागतं हे अजून तेच ठरवतात. त्यामुळे 'हायब्रिडला हेच लागतं' असं म्हणून विषय संपवणं माझ्या जिवावर आलं.

"अण्णा, हिचं इंजिन सारखं बंद होतं. सिग्नलला, हळू चालताना गाडी नुसती बॅटरीवर असते. मग इंजिन एकदम सुरू होतं. त्या क्षणी तेल सगळीकडे पोचायला हवं. म्हणून पातळ सिंथेटिक. गाडीच्या पुस्तकातही तेच दिलंय."

ते बोटं चोळत राहिले. माणूस काम सोडतो, पण हातापायांना ते कळवायचं राहूनच जातं, असं मला वाटून गेलं.

"म्हणजे धड तापायलाही सवड नाही बिचारीला," ते शेवटी म्हणाले. "मग पातळच बरं. घाला हेच."

तेल बदलून आम्ही निघालो. शेजारी बसले की अण्णांचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधतो. उतारावर तो पुन्हा दाबला गेला, आणि मीही अलगद ब्रेक दाबला.