छावणीतली कोटवाली बाई

पूर ओसरल्यावर कॉलऱ्याची लस टोचायला मला पुण्याहून तेल्हाऱ्याकडच्या मदत छावणीत पाठवलं. बैलगाडीतून उतरले, तर समोर खोक्यावर एक बाई बसलेली. लुगड्यावर कुणा साहेबाचा दानात आलेला काळा लोकरी कोट आणि तोंडात विडी. हीच इथली मुख्य समजून मी हात जोडले.

"मी नवीन नर्स."

"बस. कावून आली वं?"

"लस टोचायला."

तिने धूर सोडत मला खालून वर न्याहाळलं. "मंग पयले सोताले टोच. जित्ती रायली त आमी पाहू."

सगळी छावणी गोळा झाली. माघार घ्यावी, तर गाडीही परत गेली होती. मी स्वतःला टोचून घेतलं. बाई मुख्य वगैरे कुणी नव्हती, तिचंही घर पुरात गेलं होतं, हे मागाहून कळलं.

संध्याकाळी मला ताप भरला. आपण इथेच मरणार आणि ही विडी ओढत बघणार, याची मला खात्री झाली. सकाळी तिने माझ्या कपाळाला हात लावला, गालाला कचकन चिमटा काढला आणि बाहेर जाऊन ओरडली, "या वो समदे, बाई जित्ती हाये!"

लोक मुकाट्याने रांगेत आले. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण मी जिवंत असल्याची एवढ्या मोठ्याने दवंडी त्यानंतर कुणीही पिटली नाही.