मिक्सरवरची बाई

नंदुरबारमध्ये मी वीस वर्षं बांधकामांवर देखरेख करते आहे, आणि मिक्सरवर पाणी ओतणाऱ्या एका बाईचा मला हेवा वाटतो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. साडीवर नवऱ्याचा शर्ट, दातांना मिसरी, बोलणं मोजकं. रेतीची मूठ आवळायची, तळवा बघायचा आणि मगच बादली उचलायची, ही तिची रीत. मिस्त्री तिला टोमणे मारतात, पण माल कसा झालाय हे माझ्याआधी तिलाच विचारतात.

गेल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब होता. सिमेंट, रेती, खडी, पाणी, सगळ्याचं प्रमाण मी लिहून दिलं होतं. तिनं पहिल्याच फेरीला पाण्याचा हात आखडला.

"काबरं पानी कमी टाकी ऱ्हायनी व? तू साहेब शे का?" मिस्त्री ओरडला.

मी रेतीत हात घातला. ती चांगलीच ओली होती, आणि मी हिशेब कोरड्या रेतीचा केला होता. माझ्या प्रमाणानं माल पातळ होऊन स्लॅब कच्चा राहिला असता.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताईनीच सांगं. रेती वल्ली शे."

"ताई, तुमनी नजर भारी शे!" मिस्त्री मला म्हणाला. मी तिला तसं काहीच सांगितलं नव्हतं, तरी ती दाद घेतली.

रेतीची पारख मी अजूनही शिकेन. पण तिच्या जागी मी असते, तर ती चूक सगळ्यांदेखत दाखवली असती.